अलिबागला ओहोटीच्या वेळेनं जावं

पुण्यातून अलिबागला जाण्याची एक तऱ्हा आता पक्की झाली आहे. शनिवारी सकाळी निघायचं, खोपोलीला घाट उतरून पेण-वडखळमार्गे जेवणाच्या वेळेला पोचायचं. सुरमईची थाळी, रूमवर थोडी झोप, संध्याकाळी वरसोली नाहीतर नागावच्या किनाऱ्यावर बनाना राइड, आणि रविवारी चेक-आउट करून पुन्हा वडखळची कोंडी. या सगळ्यात कुलाबा किल्ला असतो तो फोटोच्या मागच्या भागात. ओहोटी सापडली तर घोडागाडीतून एक चक्कर होते, नाही सापडली तर 'पुढच्या वेळी बघू'.

ज्या गावात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे, जिथून मराठ्यांच्या आरमाराचा कारभार चालला, ते गाव आपण असं उरकून टाकतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण पर्यटकाला दोष देऊन काही होणार नाही. समोर जे मांडलेलं असतं ते माणूस घेतो. अलिबागमध्ये त्याच्यासमोर राइड मांडलेली असते, गाव कुणी मांडलेलं नसतं. म्हणून माझं मागणं सरळ आहे. या गावाला आणखी रिसॉर्ट, आणखी पार्किंग आणि किनाऱ्यावर आणखी एक सेल्फी पॉइंट देण्याऐवजी किल्ला ओहोटीच्या वेळेनं आणि गाव पायी पाहता येईल, सोबत सांगणारा माणूस असेल, एवढी व्यवस्था उभी करावी. तिचा खर्च पाहुण्यांकडून घ्यावा, म्हणजे मुख्यतः आपणा पुण्या-मुंबईच्या लोकांकडून.

ओहोटीचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. कुलाबा किल्ला किनाऱ्यासमोर समुद्रातल्या खडकावर आहे. ओहोटीला मधली वाट उघडी पडते, भरतीला ती पाण्याखाली जाते. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज त्यांची वेळ साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर यासाठी जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, जे उत्तर येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पण ते दिवस भांगाचे, पाण्याला जोर नसतो आणि ते पुरतं ओसरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा पाणी खूप आत जातं, वाट स्वच्छ मोकळी होते, पण पहाटे आणि संध्याकाळी. भर दुपारी किल्ल्याच्या चारी बाजूंना पाणी. हिशेब ढोबळ आहे, थोडं इकडेतिकडे होतं. तरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून तो कुणालाही करता येतो.

आता शनिवारी बारा वाजता पोचणाऱ्या पुणेकराचं काय होतं ते पाहा. पौर्णिमेचा शनिवार असेल तर त्याला किल्ला लाटांच्या पलीकडे दिसतो आणि तो होडीनं किंवा वॉटर स्कूटरनं जवळून फेरी मारून येतो. संध्याकाळी वाट उघडते तेव्हा उजेड संपत आलेला असतो. रविवारी सकाळी लवकर उठला तर त्याला सुरेख वेळ मिळेल, पण ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि रूमच्या भाड्यात नाश्ता साडेआठला असतो. ज्या तिथींना वाट भल्या सकाळी मोकळी असते, त्या तिथींना आदल्या रात्री गावात असलेला माणूसच किल्ला नीट पाहू शकतो. म्हणजे हा किल्ला पाहणाऱ्याकडे मुक्काम मागतो. आपल्या पर्यटनाच्या सगळ्या आखणीत नेमकी हीच गोष्ट धरलेली नाही. रस्ता किती मिनिटांनी कमी झाला याची जाहिरात होते, समुद्र केव्हा वाट देतो याची होत नाही.

किल्ल्यात राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. गणपतीच्या दर्शनाचा दिवस चतुर्थी, आणि चतुर्थीला, शुद्ध असो वा वद्य, सकाळी वाट उघडी. अलिबागच्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. पाहुण्यांना मात्र हे कळायची सोय किनाऱ्यावर एका मोठ्या फलकानं, नगरपरिषदेच्या संकेतस्थळावरच्या एका पानानं आणि प्रत्येक खोली भाड्यानं देणाऱ्याच्या दारावरच्या एका कागदानं होऊ शकते. आजची ओहोटी किती वाजता, निघायचं केव्हा, परतायचं केव्हा. याला कोटींचा निधी लागत नाही.

हा प्रश्न नुसत्या हौसेचाही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवसानंतर या शहरातल्या कितीतरी शाळा-महाविद्यालयांनी समुद्राची सहल म्हटली की हात आखडता घेतला, आणि पालकांची भीती समजण्यासारखी आहे. पण समुद्राकडे पाठ फिरवल्यानं मुलं सुरक्षित होत नाहीत. ती पुढे स्वतःच्या गाड्या घेऊन जातातच, आणि तेव्हा त्यांना पाण्याचं काहीही शिकवलेलं नसतं. डोंगरावर चढताना पावसाचा अंदाज घ्यावा हे पुण्याच्या ट्रेकरला पहिल्याच चढाईत कळतं. किनाऱ्यावर पाणी कोणत्या वेळी वळतं हे त्याच ट्रेकरला ठाऊक नसतं.

एकदा वेळ साधून आत गेलं की काय पाहायला मिळतं? शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत या किल्ल्याचं काम सुरू करवलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे प्रचंड चिरे चुना न भरता नुसते एकावर एक बसवले आहेत. लाटेचं पाणी फटींमध्ये शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. चहूबाजूंना खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. उत्तरेला सर्जेकोट नावाचा छोटा जोडकिल्ला. तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत आणि त्यांच्यावर यॉर्कशायरमधल्या लो मूरच्या लोखंडी कारखान्याचं नाव आहे. ज्या आरमारानं इंग्रजांच्या जहाजांना जरब बसवली त्याच्याच किल्ल्यात इंग्रजी बनावटीच्या तोफा कशा आल्या, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलालाही पडतो. त्याचं उत्तर सांगायला तिथे माणूस हवा. १८४० मध्ये आंग्र्यांचं संस्थान खालसा झालं, ही त्या उत्तराची सुरुवात आहे.

त्या उत्तराचा एक भाग पुण्यात आहे, आणि तो पुणेकरांनी टाळू नये असं मला वाटतं. श्रीवर्धनच्या समुद्रकाठच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले, आणि त्यांचं पहिलं मोठं काम म्हणजे ताराबाईंच्या पक्षाला असलेल्या कान्होजी आंग्र्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवणं. त्या समेटाशिवाय पुढची पेशवाई सुकर झाली नसती. चार दशकांनंतर, १७५६ च्या फेब्रुवारीत, कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं. जमिनीवर पेशव्यांची फौज आणि समुद्रात वॉटसन व क्लाइव्ह. विजयदुर्गाखाली आंग्र्यांची गलबतं जळाली. मराठ्यांच्या आरमाराची ती मोठी राख पुण्याच्या संमतीनं झाली. शनिवारवाड्यासमोर उभं राहून आपण अटकेपार झेंड्याची गोष्ट मुलांना सांगतो. ही गोष्टही त्याच घराची आहे, आणि ती सांगण्याची जागा किनाऱ्यावर आहे.

गाव किल्ल्यापुरतंही नाही. कान्होजींची समाधी, त्यांनी बांधलेला हिराकोट, जवळच्या आळ्या, हे सगळं पायी एका सकाळीत होतं. इस्रायल आळीत बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर आहे, मूळचं १८४८ सालचं. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेले. त्यांची आडनावं पेणकर, नवगावकर, अष्टमकर अशी, घरातली बोली मराठी, आणि बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं रचली. मराठी माणूस म्हणजे कोण, याचं इतकं सुंदर उत्तर एका आळीत मिळत असताना ती आळी आपल्या 'टू डू' यादीत नसते.

तसंच भूचुंबकीय वेधशाळेचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्याच कुलाबा भागातल्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला आणलं. चुंबकावर परिणाम होणार नाही असा दगड निवडून, लोखंड टाळून इमारती बांधल्या. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे आजही घेतल्या जातात आणि मुंबईतल्या जुन्या नोंदी धरल्या तर ती मालिका दीड शतकाहून लांब आहे. तिथे गर्दी जाऊ नये, ती काम करणारी संस्था आहे. पण तिच्या बाहेरच्या रस्त्यावर उभं राहून पाच मिनिटं ही हकिगत सांगणारा माणूस शाळेच्या सहलीला मिळाला तर त्या सहलीचं सार्थक होईल.

दक्षिणेला चौल-रेवदंडा आणि कोर्लई याबद्दल इथे फार लिहीत नाही. तो स्वतंत्र मुक्कामाचा विषय आहे. पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला होता, आणि कोर्लईत आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून झालेली बोली घराघरात आहे, एवढंच सांगून पुढे जातो.

या मागणीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की आठवडाभर हिंजवडी-खराडीत राबून आलेल्या माणसाला इतिहास नको असतो, त्याला समुद्र आणि विश्रांती हवी असते. त्याला ती मिळालीच पाहिजे. पण आपल्याकडच्या लोकांना ऐकायचं नसतं, हे मला पटत नाही. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होडीत सांगणारा माणूस असतो. त्याचं सांगणं कधी दंतकथेकडे झुकतं, तरी होडीतली माणसं, लहान पोरांसकट, कान देऊन ऐकतात. पुण्यात रविवारी सकाळी कसबा पेठेत, शनिवारवाड्याच्या आसपास पायी फेऱ्या निघतात आणि लोक पैसे भरून येतात. कसब्यात चालणारी तीच माणसं अलिबागला गेल्यावर बदलत नाहीत. तिथे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दरात, ठरलेल्या जागेवरून निघणारी फेरी त्यांना सहज सापडत नाही. ओळखीपाळखीतून एखादा जाणकार मिळतो, पण व्यवस्था ओळखीवर चालत नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. राइडवाले, घोडागाडीवाले, खानावळी, खोल्या भाड्यानं देणारी घरं, सगळ्यांचं शनिवार-रविवारवर चालतं. पावसाळ्यात पाण्यातले खेळ बंद, तेव्हा तर हातावर हात. त्यांचं नुकसान करून इतिहास दाखवावा असं मी मुळीच म्हणत नाही. उलट पाहुणा एक रात्र जास्त राहिला तर सगळ्यांत जास्त फायदा याच लोकांचा आहे. घाईचा पाहुणा पैसे रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात आणि पेट्रोल पंपावर टाकतो. राहणारा पाहुणा सकाळी बाजारात जातो, पांढऱ्या कांद्याची माळ घेतो (२०२२ मध्ये त्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे), जिताडं हा मासा कुणाकडे चांगला मिळतो ते विचारतो. हिवाळ्यातली पोपटी तर रात्रीची असते. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं, शेकोटी. दुपारी चेक-आउट करणाऱ्याच्या नशिबी ती नाही.

मुक्कामानं गाव कसं सावरतं याचं उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास समुद्री कासवांच्या अंड्यांचं संरक्षण गावकऱ्यांसोबत सुरू केलं. पुढे कासव महोत्सव आला. कासवाची पिल्लं पाहायची तर सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर हजर राहावं लागतं, म्हणून पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, ओटीवर झोपतात, घरचं जेवतात. वेळ पिल्लं ठरवतात, पाहुणा निमूट वाट पाहतो. पुणेकर हौसेनं हे करतात, मुलांना घेऊन करतात, आणि परत आल्यावर त्याबद्दल भरभरून बोलतात. वेळासमध्ये जे जमलं ते अलिबागला जसंच्या तसं जमणार नाही, अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण आहे, गर्दी अनेक पटींनी मोठी आहे. पण निसर्गाची वेळ पाळायला लोक तयार होतात, हे तिथे दिसलं आहे.

आता गाड्या. दर सुट्टीत वाळूत रुतलेली जीप आणि तिला ओढणारा ट्रॅक्टर किंवा बैलगाडी यांचे व्हिडिओ फिरतात आणि लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पुळणीवर गाडी घालणं बेकायदा आहे, कासवांच्या घरट्यांना, खेकड्यांना, खेळणाऱ्या मुलांना घातक आहे, आणि ते करणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर एमएच १२ आणि एमएच १४ पुष्कळदा असतं. ही आपली लाज आहे. गावातल्या अरुंद आळ्यांचं हालही आपल्याच गाड्या करतात. यावर तोडगा दूर शोधायला नको. याच रायगड जिल्ह्यात माथेरान आहे. तिथे दस्तुरी नाक्याला गाडी थांबते आणि पुढे माणूस चालतो, घोड्यावर बसतो किंवा छोट्या गाडीनं जातो. प्रत्येक पाहुण्याकडून नगरपरिषद कर घेते. महाबळेश्वरलाही नाक्यावर कर भरतोच की आपण, कुरकुर न करता. अलिबागच्या वेशीवर गाड्यांसाठी जागा करावी, तिथून किनाऱ्यापर्यंत दर दहा-पंधरा मिनिटांनी छोटी बस सोडावी, म्हातारी माणसं आणि अपंगांसाठी वेगळी सोय ठेवावी, आणि शनिवार-रविवार व सुट्ट्यांत बाहेरच्या खासगी गाड्या आत सोडू नयेत. पाहुण्यांच्या करातून जीवरक्षक, स्वच्छतागृहं आणि प्रशिक्षित मार्गदर्शक यांचा पगार निघावा, आणि तो पैसा कुठे गेला हे नगरपरिषदेनं दरवर्षी फलकावर लावावं. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लोक कर द्यायला तयार असतात, तो दिसेनासा झाला की चिडतात.

मार्गदर्शक कोण? गावातलीच मुलं-मुली. थळ, वरसोली, अलिबाग कोळीवाड्यातल्या तरुणांना पाणी कळतं. इतिहासाचं प्रशिक्षण, परवाना आणि ठरलेला दर दिला की या कामात त्यांच्या तोडीचं कुणी नाही. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, होड्यांचे परवाने सागरी मंडळाकडे, गाव नगरपरिषदेकडे, प्रसिद्धी पर्यटन महामंडळाकडे, अशी विभागणी आहे, आणि पाहुणा या चौघांच्या मधल्या फटीत सापडतो. एका टेबलावर बसून ओहोटीचं एक वेळापत्रक आणि फेऱ्यांचा एक दरतक्ता करणं या चौघांना जमायला हवं.

घाई करण्याचं कारण आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड, राजगड आहेत आणि समुद्रावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. खांदेरी अलिबागजवळच्या थळसमोर आहे. १६७९ मध्ये महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं तेव्हा इंग्रजांनी नौदल आणून अडवायचा प्रयत्न केला, आणि मायनाक भंडारी व दौलतखान यांनी ते होऊ दिलं नाही. बेटावर कोळ्यांचा वेताळ आहे, दीपगृह आहे, आणि जागा अगदी थोडी आहे. अटल सेतू २०२४ पासून सुरू आहे, मांडव्याला रो-रो येते, रेवस-करंजा पुलाचं काम चालू आहे. मुंबईची गर्दी आणखी जवळ येणार. लोहगडाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी काय होतं ते पुणेकरांनी पाहिलं आहे. माणसं तासन्‌तास जागच्या जागी अडकतात. खांदेरीवर तसं झालं तर बाजूला सरकायला समुद्रच आहे. दिवसाला किती माणसं आणि कोणत्या भरतीला किती होड्या, हे गर्दी येण्याआधी ठरवावं लागेल.

पुण्याकडून एक गोष्ट मात्र कुणाच्या आदेशाची वाट न पाहता याच हिवाळ्यात होऊ शकते. दिवाळीनंतर शाळांच्या सहलींची पत्रं घरी येतात. तारीख ठरते ती एसटीची सवलतीची गाडी कधी मिळते आणि सहामाहीचे पेपर कधी तपासून होतात यावरून. अलिबागची सहल असेल तर तारीख चतुर्थी-पंचमीच्या आसपासची घ्यावी, आदल्या रात्रीचा मुक्काम धरावा, आणि पालकांच्या पत्रात तारखेपुढे तिथी आणि ओहोटीची वेळ छापावी. ती वेळ काढण्याचं गणित सहावीच्या वर्गाला करायला द्यावं. पाऊणनं गुणणं त्यांना येतं.